एकशे त्रेचाळीस सुटी पानं

६ जानेवारी १९८६, सोमवार

आज उर्दूचं काम आलं. हे गेल्यापासून पहिलंच. तीन वर्षांत शेती विद्यापीठाचे प्रबंध बांधले, शाळांचे हजेरीपट बांधले, कोर्टाची रजिस्टरं तर चालूच आहेत. उर्दू मात्र कुणी आणलं नाही. उर्दूची जिल्द व्यंकटराव दफ्तरीच बांधणार, असं परभणीत ठरूनच गेलेलं होतं. त्यांच्या बायकोला ती लिपी वाचता येते हे कुणाला माहीत नाही. आणि येते म्हणजे तरी किती. ह्यांनी शिकवली ती कोर्टातले निजामकाळचे कागद वेगळे करायला मदत व्हावी म्हणून. अक्षर ओळखते, शब्द जुळवते, अडखळते.

रुकय्याबाई उर्दू शाळेत शिकवतात. पस्तिशी ओलांडलेली असेल. सोबत वडील होते, दस्तगीर मास्तर. उर्दूत टाइप करणारा मिळत नाही, म्हणून लेकीचा सगळा प्रबंध मास्तरांनी हातानं उतरवून काढलाय. दोन वर्षं लागली. एकशे त्रेचाळीस पानं, एका बाजूनंच लिहिलेली. अक्षर असं की बोट लावायला भीती वाटावी.

विषय काय, मी विचारलं.

"मकासिद-ए-शरीअत," रुकय्याबाई म्हणाल्या. "शरीअतचे हेतू. नियम काय आहे ते सगळेच सांगतात, मावशी. तो कशासाठी आहे, ह्याचा विचार आजवर कुणी कुणी केला, तो कसा बदलत गेला, आता कुठल्या दिशेला चाललाय, त्याचा आढावा."

"आमच्या ज्वारीच्या खोडमाशीवाल्यांचं दुसरं प्रकरण असतं तसं. आधी कुणी काय शोधलं."

त्या हसल्या. "माझी सगळीच प्रकरणं दुसरी आहेत."

काम असं: कागद तीन वेळा वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेला, म्हणून पानं लहानमोठी आहेत. आधी कटिंग करून सारखी करायची. मग स्टेशनजवळ झेरॉक्स काढून त्या प्रती मी बांधायच्या. पाच प्रती अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत औरंगाबादला विद्यापीठात पोचल्या पाहिजेत. मुदत दोनदा वाढवून घेतली आहे, तिसऱ्यांदा मिळणार नाही.

मास्तर जाताना म्हणाले, "व्यंकटराव असते तर मी पानं टाकून निघून गेलो असतो. तुमच्याकडं थोडं बसतो, राग मानू नका." आणि खरंच तासभर बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला फिरत होत्या. माझ्या दारासमोरून जाताना बोलणं जरा हळू करतात, हे माझ्या लक्षात येतं. वाईट वाटायचे दिवस सरले. आता फक्त लक्षात येतं.

दुपारी रुकय्याबाईंची पानं वाचली. बांधायला आलेलं सगळं मी वाचते, ती माझी खोड आहे. कापसाच्या बोंडअळीवर मी चार प्रबंध वाचलेत.

जुन्या विद्वानांनी म्हणे सगळे नियम चाळून पाहिले आणि सांगितलं की पाच गोष्टींचं रक्षण व्हावं म्हणून ते आहेत. दीन, जान, अक्ल, नस्ल, माल. धर्म, जीव, बुद्धी, वंश, मालमत्ता. मी वहीत लिहून घेतलं. मग वाटलं, जीव आधी नको का? जीवच नसेल तर धर्म पाळणार कोण? पुढचं पान उलटलं तर त्यावर हेच, की क्रम कुठला असावा ह्यावर शेकडो वर्षं वाद झाले आहेत. कुणी सहावी गोष्ट घातली, इज्जत. अलीकडचे म्हणतात यादी बंदच करू नका, न्याय घाला, मोकळीक घाला.

माझा प्रश्न माझ्या आधी सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी पडला होता. दिवस बरा गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

रुकय्याबाई एकट्या आल्या. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सेलूला शिबिर आहे, तिथं भाऊ असतो. तिकडे महिनाभर राहावं लागेल. पानं माझ्यावर सोडून जाताहेत.

चहा घेतला. मुलगी दहा वर्षांची आहे. नवरा गेला तेव्हा ती दोनची होती. तेव्हापासून त्या वडिलांकडेच. सासर पेडगावला, जमीनजुमला, मोठं घर, सासरे आहेत, तीन दीर आहेत.

"जाता का तिकडं?"

"ईदेला. पोरीला घेऊन. शिरखुर्मा खातो, परत येतो. पाहुणे किती वेळ बसणार?"

स्वतःबद्दल एवढंच बोलल्या. मग प्रबंधाबद्दल अर्धा तास. पूर्वीचे संशोधक हेतू किती हे मोजत बसले, आताचे विचारतात की हेतू ठरवणार कोण. अरब मुलुखात गेल्या दहा-पंधरा वर्षांत विद्यापीठांतून ह्यावर बरंच काम होतंय, उर्दूत थोडं, बाईमाणसाचं तर शोधून सापडत नाही. काही लोकांना असा अभ्यासाचा नाद असतो. ह्यांना जिल्दीचा होता.

२१ जानेवारी, मंगळवार

वाईट झालं. आधी सगळं लिहून टाकते.

सकाळी कटिंगला बसले. मास्तरांनी प्रत्येक पानाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, ओळीच्या बाहेर एक एक सुटा शब्द लिहिलेला. मला वाटलं लेखणी चालते का ते पाहिलंय. जे पान सगळ्यात लहान त्याच्या मापानं सुरी बसवली आणि ती खालची पट्टी उडवली. गठ्ठा सरळ, चारही बाजू काटकोनात. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग गठ्ठा फळीवर घेऊन पानं दाबायच्या शिकंज्याकडे निघाले आणि फळी हातात तिरकी झाली. सगळी पानं जमिनीवर. काही उताणी, काही पालथी, काही टेबलाखाली. गोळा करताना पाहिलं की पानांवर आकडेच नाहीत.

मग समजलं. तो सुटा शब्द म्हणजे पुढच्या पानाचा पहिला शब्द. जुन्या पद्धतीचे लोक आकडे न घालता तसं जुळवतात. कोर्टाच्या फायलींना आकडे असायचे आणि उर्दूची पुस्तकं हे स्वतःच करायचे, मी नुसतं सूत ओवून द्यायची. हे विचारायचं राहून गेलं.

पट्ट्या शोधायला उठले. पट्ट्यांची थप्पी लागलेली असते, तिच्यावरूनही क्रम लागला असता. पण कात्रणावर खळ शिजवायची हा पस्तीस वर्षांचा हात. कटिंग झालं की कात्रण चुलीत. चुलीवर खळ तयार होती.

२२ जानेवारी, बुधवार

रुकय्याबाईंना पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींवर फाडलं. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, त्यात हे कुठं कळवू? आधी लावून बघते. वाक्य एका पानावर तुटतं, दुसऱ्यावर पुरं होतं. एकेक जोडी जुळवायची. अक्षरांपुरतं उर्दू पुरणार नाही, अर्थ लावावा लागणार. ह्यांच्या पेटीतला जुना शब्दकोश काढला. कडेला ह्यांनी पेन्सिलनं मराठी अर्थ लिहिलेत, माझ्यासाठी. निम्मे मी कधी वाचलेच नव्हते.

२५ जानेवारी, शनिवार

ताडकळसहून धाकटी जाऊ मालनबाई आली. बाजारहाट करायला म्हणाली, पण दिरांनी पाठवलं असणार. दारातच थबकली. दोन्ही खोल्यांत पानं मांडलेली, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर काही ना काही. वाटी, डबी, कांदा, बटाटा.

"अक्का, ह्ये काय? जेवणावळ हाय का? पत्रावळी मांडून बसल्या."

"कडेनं ये. पाय देऊ नको."

"कांद्यावर पाय द्यायला मी काय येडी हाय?" भिंतीला पाठ लावून सरकत आत आली. "आन ही तर उलटी भाषा. तुमाला कशाला लागती ही? भाऊजी होते तवा ठीक होतं."

मी सगळं सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला, मग कोपऱ्यातला एक बटाटा उचलून दुसऱ्या पानावर ठेवला, जणू माझ्यापेक्षा तिलाच जास्त समजतं.

"ह्ये म्हणायलेत, मशीन इकून टाका आन तिकडं चला. एका ताटात जेवू. कुणासाठी करायलात तुमी हे?"

"काम हाय म्हणून करायले."

"लय झालं काम. त्या बाईला सांगा की, पडलं हातातून. काय फाशी देतीय का?"

"फाशी न्हाई देत. नुसती बघंल."

संध्याकाळी भाकरी तिनंच केल्या. पिठल्यासाठी कांदा पाहिजे होता, तर म्हणाली, "कोणत्या पानावरचा घेऊ? बिनमहत्त्वाचं कोणतं हाय?"

तीन वर्षांत ह्या घरात मी एवढी हसले नव्हते.

२९ जानेवारी, बुधवार

सत्तर पानं लागली. तिसरं प्रकरण अडलं. त्यात शतकांचा हिशेब आहे, म्हणून मी सालं बघून लावायचं ठरवलं. शेती विद्यापीठाचे प्रबंध तसेच असतात, अमुक यांनी १९५८ साली, तमुक यांनी १९६३ साली.

तर तिकडं स्पेनमधल्या गरनात्याचे एक मोठे विद्वान. ज्यांनी हा हेतूंचा विषय सगळ्यात खोल नेला ते. एका पानावर ते ७९० साली वारले आणि दुसऱ्या पानावर १३८८ साली. मी त्यांना दोन माणसं केलं. एकाच नावाचे आजोबा-नातू असतील म्हटलं. त्यांचं पुस्तक पाचशे वर्षं पडून राहिलं आणि ट्यूनिसला छापलं गेलं १३०२ साली. म्हणजे दुसऱ्यानं लिहायच्या आधीच. मी तीन दिवस त्या नातवाला कुठं बसवायचं ह्यात घालवले.

आज भाजी चिरताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं लक्ष गेलं. कोपऱ्यात मुसलमानी सन १४०६. मग उजेड पडला. काही सालं त्यांची, काही आपली. माणूस एकच, मरण एकच, मोजणारे दोन. तेराशे दोन म्हणजे आपलं अठराशे चौऱ्याऐंशी.

सगळं प्रकरण पुन्हा उचकटलं. पण त्यामुळे एक समजलं. पुस्तक छापल्यावर लोक पुन्हा विचार करू लागले. एवढा विचार पाचशे वर्षं नुसता गठ्ठ्यात बांधून ठेवलेला होता. तो कुणी बांधला असेल, कुणी सांभाळला असेल, त्याचं नाव कुठल्याच पानावर नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सेलूहून कार्ड. रुकय्याबाईंचं मराठी अक्षर लहान मुलीसारखं गोल आहे. लिहितात:

"मावशीस सलाम. एक डोळा झाला. दुसऱ्याला पडदा फार जुना आहे, डॉक्टर म्हणतात नजर पूर्वीसारखी येणार नाही. अब्बांनी ह्यापुढे लेखणी धरायची नाही. तेव्हा ही त्यांची शेवटची किताबत. मी काळजी करत नाही कारण पानं तुमच्याकडे आहेत."

कार्ड दोनदा वाचलं. जेवण गेलं नाही.

मास्तर पुन्हा लिहून देऊ शकणार नाहीत. माझ्याकडून चुकीचं लागलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ती चूक तशीच बांधली जाईल. लक्षात आलं आणि मुदत उलटून गेलेली असली, तर बाईंची चार वर्षं गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकशे एकेचाळीस पानं लागली. दोन उरली. दोन्ही शेवटच्या प्रकरणातली आणि दोन्ही अशी की नव्या परिच्छेदानं सुरू होतात आणि पूर्णविरामानं संपतात. आधीच्या पानाला दोन्ही जोडता येतात. म्हणजे एक एकशे बेचाळीसावं, एक शेवटचं. कोणतं?

एका पानावर इशारा आहे. हेतूचं नाव घेऊन नियम सोडायला ज्याचा त्याचा स्वार्थ टपलेला असतो, म्हणून हे काम जाणत्यांचं, बाकीच्यांनी थांबावं. शेवटी लिहिलंय, ही लिहिणारी फक्त वाटा मोजते, त्यांवरून चालत नाही.

दुसऱ्या पानावर एक उदाहरण आहे. माणूस बापाच्या आधी मेला तर आजोबांच्या मालमत्तेत त्याच्या लेकरांना, काका असताना, हिस्सा पोचत नाही. हा नियम. पण पोरक्याला उघड्यावर टाकणं हा नियमाचा हेतू कधीच नव्हता, म्हणूनच वसीयतीचा, म्हणजे मृत्युपत्राचा, दरवाजा ठेवलेला आहे. तिसऱ्या हिश्शापर्यंत आजोबा आपल्या हातानं लिहून देऊ शकतो. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, चाळीस वर्षांपूर्वी त्याचा कायदाच केला. आणि मग: "ज्याला हा दरवाजा माहीत आहे आणि जो तो उघडत नाही, त्यानं नियम पाळला, हेतू पाळला नाही."

उदाहरण चांगलं निवडलंय. एवढं कोरडं वाचून झाल्यावर असं काहीतरी लागतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लावलं. तीन दिवस दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं. इशारा शेवटी ठेवला की सगळा प्रबंध हळूच दार लावून घेतो. उदाहरण शेवटी ठेवलं की वाटतं कुणीतरी आपल्याला काही करायला सांगितलं.

शेती विद्यापीठाच्या प्रबंधात आधी अभ्यासाच्या मर्यादा येतात आणि शेवटी शिफारस, म्हणजे शेतकऱ्यानं आता काय करावं. ह्या हिशेबानं इशारा ही मर्यादा आणि वसीयत ही शिफारस. मी वसीयत शेवटी ठेवली.

पेन्सिलनं आकडे घालावेत का? हात धजला नाही. मास्तरांच्या पानावर माझा आकडा नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रुकय्याबाई सेलूहून थेट इकडेच आल्या, पिशवी हातात. मी चहा टाकायच्या आधी सगळं सांगितलं. कापलेला शब्द, पडलेला गठ्ठा, चूल, खळ. काही लपवलं नाही.

त्या ऐकत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग खाली बसल्या आणि पहिल्या पानापासून बघू लागल्या. मधून मधून पुटपुटत वाचत. तीन पानांचा क्रम बदलला. गरनात्यावाल्यांच्या प्रकरणात नुसती मान हलवली. मी अंगठा दाताखाली धरून बसले होते, शाळेतल्यासारखी.

शेवटच्या पानाशी थांबल्या.

"हे असं कुणी लावलं?"

"मीच. चुकलंय का?"

"असं का लावलं पण?"

मी मर्यादा आणि शिफारस सांगितलं. खोडमाशीचंही सांगितलं.

त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "मी लिहिलं तेव्हा असंच होतं, मावशी. अब्बांनी उतरवताना फिरवलं. ते इशाऱ्याचं पान शेवटी घेतलं. त्यातली शेवटची ओळ, वाटा मोजते आणि चालत नाही, ती माझी नाहीच. त्यांची आहे."

"मग तुम्ही काही म्हटलं न्हाई?"

"दोन वर्षं डोळे फोडून लिहून देणाऱ्या माणसाला काय म्हणणार?"

मी म्हटलं, उलटं करायला दोन मिनिटं लागतात, मास्तरांचं होतं तसं करून टाकते.

त्यांनी पानांवर हात ठेवला. "थांबा. न विचारता असंच बांधलं तर ती चोरी झाली. विचारलं तर ते नक्को म्हणतील. आणि त्यांनी नक्को म्हटल्यावर मी करणार नाही."

पिशवी तशीच ठेवून गेल्या. पुन्हा घ्यायला आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मला वाटतं माझ्यावरचा राग आहे, दाखवत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

दुपारी मास्तर आले, लेकीचा हात धरून. एका डोळ्यावर हिरवी झापड, दुसऱ्याला जाड काच. बाहेर भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा नव्यानं रंगवल्यात, तो रंग हाताला लागला म्हणून आधी हात धुतले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हां बाई. ऐकलं मी. आता तुमच्या तोंडून सांगा."

मी पुन्हा सगळं सांगितलं.

"सगळेच शब्द जाळले?"

"खळ शिजवायला, मास्तर."

"कैसी हुई?"

"काय?"

"खळ. घट्ट झाली का?"

रुकय्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, चांगली झाली. "होनाच," म्हणाले. "दोन साल की शाई होती त्यात."

मग हसू थांबलं. त्यांनी विचारलं, "शेवटचं पान कोणतं ठेवलं? लेक सांगत नाही. वाचा."

वाचून दाखवायला लेक होती शेजारी, पण त्यांनी मलाच सांगितलं. मी वाचलं. अडखळत, बोट ठेवून. एका शब्दाला त्यांनी उच्चार दुरुस्त केला, मी पुन्हा म्हटला. "त्यानं नियम पाळला, हेतू पाळला नाही" इथपर्यंत आले आणि तेव्हा कुठं मला समजलं. दहा वर्षांची पोर, पेडगाव, तीन काका. मी हे पान आठ दिवस उदाहरण म्हणून वाचत होते. मान वर करून बाईंकडं बघायचं धाडस झालं नाही.

मास्तर म्हणाले, "मी का फिरवलं, विचारा."

आम्ही विचारायच्या आधी तेच बोलले.

"दिल्लीत तलाकच्या पोटगीच्या कायद्याचं चाललंय, पेपरात रोज आपलं नाव आहे. बाहेरचे म्हणतील, बघा, त्यांचीच बाई बोलायली. घरचे म्हणतील, बघा, बाप जिवंत असताना बोलायली. आणि पेडगाववाले म्हणतील पोरीसाठी डिग्री केली. मी लेकीला आतल्या पानात लपवलं, बाई. शेवटचं पान सगळे वाचतात. आतलं कोण वाचतं?"

"मी वाचते," मी म्हटलं. उगाच निघून गेलं तोंडातून.

"तुम्ही वाचता म्हणून तर हे झालं."

रुकय्याबाई पहिल्यांदा बोलल्या. "अब्बा, तुम्ही म्हणाल तसं. मी मनापासून सांगते. मुदत गाठू, बस."

"तसं नक्को म्हणू. एकदा मी म्हटलं तसं झालं. तू काय म्हणती?"

त्यांना सांगता येईना. ज्या बाईनं एकशे त्रेचाळीस पानांत जगातल्या एवढ्या विद्वानांचं काय म्हणणं आहे ते सांगितलं, तिला बापासमोर स्वतःचं म्हणणं सांगता येईना. मी उठून आत गेले, उगाच भांड्यांचा आवाज केला. माझ्यासमोर बोलायचं नसेल म्हणून.

आतून ऐकू आलं. हळू, पण स्पष्ट. "मला ते शेवटी पाहिजे. आणि मोजते, चालत नाही, ही ओळ मला नकोच."

मग मास्तरांची हाक: "बाई, शाई आहे का घरात?"

ह्यांची दौत होती, पाणी घालून पातळ केली. लेखणी रुकय्याबाईंच्या पिशवीत होती. मास्तरांनी आधी ते इशाऱ्याचं पान मागितलं. नाक कागदाला लागेल इतके वाकले, लेकीनं बोट ठेवून ओळ दाखवली, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती खोडली. वेडीवाकडी नाही, एकच सरळ रेघ. मग म्हणाले, आता गठ्ठा द्या, पुन्हा कुणाच्या हातातून पडला तर मी परत यायचा नाही.

एक एक पान बाई पुढं सरकवत होत्या, मास्तर वरच्या कोपऱ्यात आकडा घालत होते. डॉक्टरांनी लेखणी धरू नका म्हटलंय ह्याची आठवण मी करून दिली. "आकडे लिहिणं म्हणजे किताबत नाही," म्हणाले. पहिले चाळीस आकडे देखणे आहेत. पुढं हात थकला. शंभरनंतर काही आकडे ओळीवरून घसरलेत. अडीच तास लागले. शेवटचं पान आलं तेव्हा विचारलं, "कोणतं हे?"

"वसीयतीचं, अब्बा."

त्यांनी १४३ घातला आणि शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत बसले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाच प्रती बांधून झाल्या. काळं रेक्झिन, शिवण उजवीकडं. उर्दूचे ठसे माझ्याकडे नाहीत, नांदेडहून ब्लॉक करून आणला, सोनेरी चांगला उठला. विद्यापीठाच्या नावाखाली बोटभर जागा मोकळी सोडली. मागच्या वर्षी सूर्यभान नावाच्या विद्यार्थ्यानं तशी सोडायला लावली होती, नवं नाव येईल तेव्हा ठसा मारून घ्यायला. तेव्हापासून सगळ्यांनाच सोडते, कुणी तक्रार करत नाही.

उद्या सकाळच्या बसनं रुकय्याबाई जातील. पास होतील की परत पाठवतील, सांगता येत नाही. शेवटच्या पानावरून परीक्षक अडवतील असं त्यांना वाटतं. घाबरलेल्या दिसल्या नाहीत.

संध्याकाळी झेरॉक्सचा आणखी एक गठ्ठा घेऊन आल्या. सहावी प्रत.

"हिला साधा कपडाच लावा, मावशी. सोनेरी नको."

"घरी ठेवायला?"

"पेडगावला द्यायची. सासऱ्यांना. ऐंशीचे झालेत, पण चष्म्यानं वाचतात. मी पोरीचा हिस्सा मागायला गेले की दीर मध्ये पडतात. वाचायला द्यायला कोण नाही म्हणणार?"

ईद कधी आहे, मी विचारलं. जूनमध्ये, म्हणाल्या, पण तोवर थांबणार नाही. मुलीची परीक्षा झाली की जाणार, तिच्याच हातानं देणार.

तिकडं कुणी वाचेल का, मला माहीत नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढं जाड पुस्तक हातात धरवत नाही, मांडीवर ठेवावं लागतं. म्हणून शिवण थोडी सैल घेतली आणि पाठीला लवचीक कपडा लावला. बांधून झाल्यावर शेवटचं पान उघडून मांडीवर ठेवून पाहिलं. मिटत नाही.